टायगर टँक एवढा भारी, मग दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरली कशी?

रणगाडाप्रेमी: सगळे म्हणतात रशियातली थंडी. पण थंडी दोघांनाही होती ना?

खडूस_काका: थंडीचं सोडा हो. टायगर १ अख्ख्या युद्धात साधारण १३५० बनले, रशियाचे टी-३४ टँक पन्नास हजारांच्या वर. १९४१ मध्ये रशियाने दीड हजारावर कारखाने उचलून पूर्वेकडे नेले, बरेचसे उरल पर्वताच्या भागात, तिथल्या चेल्याबिन्स्क शहराला तर लोक टँकोग्राड, म्हणजे टँकचं शहरच म्हणायला लागले.

मालगाडी: हो पण टँकच बनवत बसायला जमलं कारण ट्रक अमेरिकेचे होते, लेंड-लीजमध्ये (अमेरिकेची मित्रदेशांना युद्धसामान पुरवायची योजना) जीप धरून ४ लाखांच्या आसपास गाड्या आल्या, वर जवळपास २००० रेल्वे इंजिनं, आणि जर्मनांचा दारूगोळा अजून घोडागाडीवर!

खडूस_काका: अमेरिकेमुळेच जिंकले म्हणणं जरा अतीच. डिसेंबर १९४१ ला मॉस्कोसमोर जर्मन अडले तेव्हा मदत जेमतेम सुरू झालेली, बराचसा माल १९४३ नंतरचा. पुढे बर्लिनपर्यंत पळायला कामी आला, हे मान्य.

रणगाडाप्रेमी: मग जपान जर्मनीचा दोस्त ना, त्याने काय केलं?

मालगाडी: काही नाही 😄 एप्रिल १९४१ लाच रशियाशी तटस्थतेचा करार करून बसला. अमेरिकन माल रशियन झेंड्याच्या जहाजांतून जपानच्या नाकाखालून रशियाच्या व्लादिवोस्तोक बंदरात जायचा.