दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपवरचं डाउनलोड केलेलं नेटशिवाय टीव्हीवर कसं दाखवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जि.प. शाळेत ३री-४थीचा जोडवर्ग आहे माझ्याकडे. लोकवर्गणीतून टीव्ही मिळालाय पण वर्गात रेंजच येत नाही. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड घरी स्कॅन करून दीक्षा ॲपवर सगळं डाउनलोड करून आणते, मोबाईलवर नेट नसतानाही छान चालतं, पण अख्खा वर्ग एका मोबाईलभोवती कसा बसणार, मागच्यांना काहीच दिसत नाही. ॲपमधून पेनड्राइव्हवर घेतलं तर ई-सी-ए-आर अशी फाईल येते, टीव्ही ती ओळखतच नाही, साधा एमपी-फोर व्हिडिओ मात्र लगेच लागतो.

टाइप-सी टू एचडीएमआय केबल घ्यायची म्हटलं तर ती सगळ्या फोनना चालत नाही, फोनमध्येच व्हिडिओ आउटची (चित्र केबलने बाहेर पाठवायची) सोय लागते. ते विकत घ्यायच्या आधी कसं तपासायचं? की नुसत्या वायफाय डायरेक्टवर (फोन-टीव्ही नेटशिवाय थेट जोडून) स्क्रीन मिररिंग, म्हणजे फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर, नीट होतं, आवाज मागेपुढे न होता?

४थीला अपूर्णांक चालू आहेत. कागदाच्या घड्या घालून अर्धा-पाव कळला, पण ४ मोठे म्हणून १/४ हा १/३ पेक्षा मोठा असंच पोरं ठामपणे सांगतात, तिथे १/४ आणि १/३ च्या पट्ट्या शेजारी सरकताना मोठ्या पडद्यावर दिसायलाच हव्यात. जिओजेब्रा (गणिताच्या आकृत्या हलवून दाखवायचं ॲप) ऑफलाइन वापरलंय का कुणी? ज्यांच्या वर्गात हे चालू आहे त्यांनी जोडणीचा फोटो टाका प्लीज, सोमवारी हाच घटक घ्यायचाय.