भाडेकरू तिबेटी ताईंचा खोकला थांबत नाही: काय करावे?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली):
आमच्या मागील दोन खोल्यांत दर वर्षी दिवाळीच्या सुमारास कर्नाटकातील मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतील एक कुटुंब स्वेटर विकण्यासाठी येऊन राहते. यंदा त्यातील ताईंना तीन आठवड्यांपासून खोकला आहे. पहाटे पाणी भरताना त्या भरलेली कळशी खाली ठेवतात आणि भिंतीला हात टेकून थांबतात. अंगही बरेच उतरले आहे. हा क्षयरोग (टीबी) तर नसेल ना, अशी मला शंका येते. एका खाजगी दवाखान्यातून दोनदा खोकल्याचे औषध आणले, पण थुंकी तपासण्यास तेथे कोणी सांगितले नाही. शेजारी म्हणतात, त्यांना खोली सोडायला सांगा. मला ते पटत नाही, परंतु माझा पाच वर्षांचा नातू दिवसभर त्यांच्या मुलीबरोबर खेळतो. त्यांना न दुखावता हा विषय कसा काढावा?

उत्तर १ (मिरज, क्षयरोग विभागातून निवृत्त):
आपली शंका रास्त आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला आणि घटलेले वजन एवढी लक्षणे असली की थुंकीची तपासणी करावीच. सरकारी रुग्णालयात ती विनामूल्य होते. भारतातील तिबेटी समाजात क्षयरोगाचे प्रमाण बरेच जास्त आढळले आहे, परंतु त्याचे कारण त्यांच्या रक्तात नसून वसतिगृहांत आणि मठांत दाटीने राहण्यात आहे. 2017-18 मध्ये हिमाचलातील तिबेटी शाळांत 5,391 विद्यार्थी तपासले, तेव्हा 46 जणांना क्षयरोग निघाला. रोग नसला तरी ज्यांच्या शरीरात जंतू दबा धरून होते, त्यांना प्रतिबंधक गोळ्या देण्यात आल्या आणि पुढे त्या शाळांतील रुग्णसंख्या झपाट्याने घटली. म्हणून ताईंना हा आजार निघाला, तर त्यांच्या मुलीची आणि आपल्या नातवाचीही तपासणी करून घ्यावी. ताटवाटी वेगळी काढण्याची गरज नाही, कारण हा आजार हवेतून पसरतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ताईंनी मास्क वापरावा.

उत्तर २ (सातारा):
शेजाऱ्यांचे कृपया ऐकू नका. काही वर्षांपूर्वी आमच्या वाड्यातील अशाच एका भाडेकरूस लोकांनी घाईने बाहेर काढले आणि त्याचे औषध दुसऱ्याच महिन्यात तुटले. त्या वेळी मी गप्प राहिलो, ही गोष्ट मला आजही टोचते.

उत्तर ३ (मिरज, उत्तर १ देणारे):
सातारकरांनी नेमक्या जागी बोट ठेवले आहे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो आणि ही मंडळी थंडी सरली की गावी परततात. निघण्यापूर्वी निक्षय (क्षयरुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) यावरील नोंदणी मुंडगोडकडे वर्ग करून घ्यावी, म्हणजे पुढील गोळ्या त्यांना तेथेच मिळतील. मधेच गोळ्या सोडल्यास जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. पोषणासाठी सरकारकडून रुग्णाच्या बँक खात्यात दरमहा 1,000 रुपयांप्रमाणे रक्कम जमा होते, तेही त्यांना आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ती:
काल चहाला बोलावून मी विषय काढला. ताई बराच वेळ कपाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की शाळेत असताना त्यांच्या खोलीतील एका मुलीने वर्षभर गोळ्या घेतल्या होत्या. आपल्यालाही तेच निघेल आणि खोली जाईल, या भीतीने त्या बोलत नव्हत्या. खोली तुमचीच आहे, असे मी त्यांना सांगितले. आज सकाळी आम्ही दोघी थुंकीचा नमुना देऊन आलो.