मदत हवी आहे : चॅटबॉटकडून शिकलेलं टिकत नाही

हताश_पण_हट्टी
लवकर सांगा, वेळ कमी आहे. चॅटबॉटला विचारून पॉलिटी (राज्यव्यवस्था) करतेय. समजावतो झकास, वाचताना सगळं पटतं, आणि टेस्टला बसले की पाटी कोरी. सारांश काढून घेतले, तक्ते करून घेतले, सोप्या मराठीत करून घेतलं. नेमका कोणता प्रॉम्प्ट द्यायचा? 'पुस्तक वाच' सांगणाऱ्यांनी कृपया पुढे जावे.

अण्णा_६२
ताई, पुस्तक वाच.

रात्रपाळी
परीक्षा कोणती? यूपीएससी, एमपीएससी की बीएचं राज्यशास्त्र? पेपर वस्तुनिष्ठ की लिहायचा?

हताश_पण_हट्टी
एमपीएससीच, दुसरं काय असणार!

रात्रपाळी
अहो, राज्यसेवा की संयुक्त? राज्यसेवेची मुख्य आता वर्णनात्मक झालीय, तिथे सगळी तयारीच वेगळी.

हताश_पण_हट्टी
संयुक्त पूर्व, गट ब. गाडी पंचायत राजच्या समित्यांवर अडते. दोन मेहता आहेत, त्यांच्या शिफारशींची खिचडी होते.

कार्डवाला
अँकी टाका मोबाइलमध्ये, प्रश्नोत्तराच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारं अ‍ॅप. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ सालीच दाखवून दिलंय की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर उडतं. अँकी विसरायच्या बेतात असतानाच कार्ड समोर आणतं. बॉटला सांगा, शंभर कार्डं बनवून दे. विषय संपला.

माजी_उमेदवार
कार्डं बॉटने बनवली की मेहनतही त्याचीच. ताई, सारांश त्याने काढला, तक्ता त्याने केला, तुम्ही फक्त 'हो, बरोबर' म्हणत गेलात. उलटं करा. तुमच्याच पुस्तकातलं एक पान त्याला द्या आणि हे लिहा :

"फक्त या मजकुरावरून मला प्रश्न विचार. एका वेळी एकच. पर्याय देऊ नको. मी उत्तर लिहीपर्यंत इशारा नको. चुकलं तर लगेच उत्तर सांगू नको, आणखी एक संधी दे. चुकलेला प्रश्न थोड्या वेळाने शब्द बदलून पुन्हा विचार."

पान बंद करून उत्तर द्यायचं. तेच पान दोन दिवसांनी, मग आठवड्याने. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग आहे : पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे. तुम्हाला वाचताना सगळं पटतं ना, ते त्या पाच मिनिटांतलं.

अण्णा_६२
आमच्या वेळी हेच वहीत करायचो. हाताने लिहिलेलं विसरत नाही.

कार्डवाला
अण्णा, वहीत नुसतं उतरवून काढणारेही नापास होतात. उजळणीला वेळापत्रक लागतं.

अण्णा_६२
आणि कार्डं सरकवणारे सगळे तहसीलदार होतात वाटतं.

पिठलंभाकरी
धागा दिसलाच आहे तर विचारते. भाच्याला बारावीसाठी टॅब घ्यायचाय, पंधरा हजारांत कोणता?

रात्रपाळी
@पिठलंभाकरी नवा धागा काढा.
@हताश, पान देऊनच विचारा, नाहीतर बॉट बिनधास्त थापा मारतो. बोंगिरवार समितीबद्दल काय सांगतो?

हताश_पण_हट्टी
'१९६१ साली नेमली, तिच्यावरून जिल्हा परिषद कायदा झाला.' बरोबर ना?

रात्रपाळी
साफ चूक, आणि कसं ठासून सांगितलंय बघा. १९६१ च्या कायद्यामागे वसंतराव नाईक समिती. बोंगिरवार १९७० ची, कायदा चालू झाल्यावर आढावा घ्यायला नेमलेली.

माजी_उमेदवार
दोन मेहतांचं म्हणाल तर सालं घोकू नका, कुणी कुठे जोर दिला ते धरा. बलवंतराय (१९५७) : तीन स्तर (ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद), भर पंचायत समितीवर. अशोक मेहता (१९७७) : दोनच स्तर, जिल्हा परिषद आणि मंडल पंचायत (काही गावांची मिळून एक), भर जिल्हा परिषदेवर. नाईक समितीनेही जिल्हा परिषदच बळकट केली, म्हणून बलवंतरायांशी तिची तुलना विचारतात. आता हे न बघता बॉटला तुम्ही समजावून सांगा आणि चुका काढायला लावा.

हताश_पण_हट्टी
करून बघितलं. पहिल्याच फटक्यात मंडल पंचायत बलवंतरायांच्या खात्यात टाकली! बॉटने विचारलं, 'तीन स्तरांत मंडल कुठे बसवाल?' तेव्हा माझंच मला उमगलं. फार दमवतं पण हे. पंचायत राजला घटनेत स्थान देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीची कलमंही अशीच करू का?

माजी_उमेदवार
हो, फक्त २४३ ची सगळी पोटकलमं एका बैठकीत नको. आधी २४३-घ आरक्षण आणि २४३-ट राज्य निवडणूक आयोग.

कार्डवाला
कलमांना मात्र कार्डंच.

अण्णा_६२
तो बॉट कुठे उघडायचा ते कुणी सांगेल का? अकराव्या अनुसूचीतले पंचायतींचे २९ विषय त्याला क्रमाने येतात का, बघायचंय.

पिठलंभाकरी
टॅबचं कुणी सांगितलंच नाही.