स्लेड आणि पात्याचा ड्रिफ्ट
बँडसॉवर (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याची करवत) ओंडका चिरताना स्लेडला, म्हणजे ओंडका धरून टेबलावर सरकणाऱ्या लाकडी बैठकीला, उंच पाठ (उभी फळी) दिली की गोल ओंडका हलत नाही, असं वर कुणीतरी लिहिलंय. ते मला अर्धंच पटलं. दाते लाकूड खाली ओढतात. ओंडक्याच्या पोटाखाली पोकळी असली की तो गरकन फिरतो आणि पातं मुरगळतं. त्यामुळे उभ्या फळीतून मागच्या बाजूने, दोन्ही टोकांजवळ ओंडक्यात स्क्रू हवेतच. तेही पात्याच्या रेषेपासून चांगले लांब.

पण ड्रिफ्टबद्दल, म्हणजे पातं कापताना एका बाजूला ओढतं त्याबद्दल, अजून कुणीच लिहिलं नाही. साध्या फेन्सला (लाकूड टेकवून सरकवायची टेबलावरची आडपट्टी) थोडा कोन देऊन तो निभावता येतो. टेबलाच्या खाचेत पट्टीवर सरकणाऱ्या स्लेडला ती सोयच नाही, खाच नेईल तिकडेच तो जाणार. म्हणून आधी पातं वरच्या चाकावर नीट मध्यावर आणा, मग एखाद्या टाकाऊ फळीवर सरळ रेघ मारून ती हाताने धरून कापून बघा. रेघेवर राहायला फळी ज्या कोनात धरावी लागली तो खाचेशी जुळत नसेल, तर टेबलाचे बोल्ट सैल करून टेबल तेवढंच फिरवा. एवढं करूनही कापाला पोट येत असेल, म्हणजे तो मध्ये फुगीर होत असेल, तर बहुधा पातं बोथट झालंय, नाहीतर दाते फार बारीक आहेत. उंच लाकडाला इंचाला 3 दाते पुरतात. दात्यांमधली जागा मोठी असली की भुसा अडकत नाही.