जुनी बुलेट ३५०, एक्झॉस्ट टॅपेटचा (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा) आवाज जात नाही, पुशरॉड (टॅपेटपासून वर व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत जाणारा दांडा) एकाच जागी अडकतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमच्या अण्णांची १९९६ ची बुलेट ३५० आहे, जुनं कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाचे चार गिअर, पॉइंटवाली (जुन्या पद्धतीचं इग्निशन). अण्णांचे गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांना किक मारवत नाही आणि मी नोकरीला पुण्यात, त्यामुळे पाच वर्षांत गाडी जेमतेम ११०० किमी फिरली असेल, बाकी सगळा वेळ साताऱ्याच्या घरी शेडमध्ये ताडपत्रीखाली. गणपतीला गेलो तेव्हा बॅटरी, पेट्रोल, प्लग सगळं नवीन करून चालू केली. इतकी उभी राहिली की इंजिनाच्या ऑइल टाकीतलं ऑइल खाली क्रँककेसमध्ये उतरतं हे माहीत होतं, म्हणून पट्टीवर कमी दिसलं तरी वरून ओतलं नाही, थोडा वेळ निळा धूर आला आणि मग लेव्हल जागेवर आली.

पण आवाज. थोडी टिकटिक या इंजिनाला असतेच, अण्णा नेहमी म्हणतात वाजणारा टॅपेट परवडला, आवळलेला नको. हा तसा नाही, पत्र्यावर चमचा आपटावा तसा कट कट कट, किकच्या बाजूने, आणि मधेच कमी होतो मग परत वाढतो. रॉकरला जाणाऱ्या बारीक पाइपचा बोल्ट जरा सैल करून पाहिला, ऑइल झिरपतंय, म्हणजे वर पोचतंय.

गावातल्या एकाला दाखवली, त्याने गरम इंजिनावरच दहा मिनिटांत टॅपेट आवळून दिले. आवाज बंद झाला पण किकमधला दमच गेला, पाय सरळ खाली जायला लागला, आणि आठेक किमी गेल्यावर गाडी रेसिंग धरेना, सायलेन्सरमधून फटाके. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसणार हे कळलं, तसंच चालवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळेल म्हणून तिथेच थांबलो आणि टेम्पोत घालून घरी आणली. खरं सांगतो, त्या दिवशी अण्णांचा चेहरा बघवला नाही.

मग स्वतः बसलो. रात्रभर इंजिन गार होऊ दिलं, प्लग काढला, मेन स्टँडवर टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवलं, इनलेटचा पुशरॉड वर जाऊन खाली आला की प्लगच्या भोकात स्ट्रॉ घालून पिस्टन एकदम वर आणला. टॅपेटचं झाकण एका नटावरच आहे, आत दोन बोटं जेमतेम जातात. इनलेटचा पुशरॉड बोटांनी सहज फिरतो आणि वर-खाली अजिबात हलत नाही, म्हणजे हवा तसा बसला. एक्झॉस्टचा मात्र अर्धा फेरा मोकळा फिरतो आणि एका जागी धरतो. मार्करने खूण केली, दर वेळी तीच खूण समोर आली की अडकतो. त्या जागी मोकळा केला तर बाकी ठिकाणी वर-खाली हलतो आणि कट कट परत सुरू.

हा पुशरॉड वाकलाय का? की खाली कॅम (टॅपेटला वर ढकलणारा उंचवटा) किंवा टॅपेट खाल्लाय, म्हणजे झिजलाय? हेड न उतरवता कसं ओळखायचं? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
भाऊ, आधी डावीकडच्या डीकॉम्प्रेसरची (किक सोपी व्हावी म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरणाऱ्या लिव्हरची) केबल बघा. ती ताणलेली असली तर एक्झॉस्टचा टॅपेट पूर्ण खाली बसतच नाही, मग कितीही वेळा सेट करा, खोटंच सेटिंग होणार. लिव्हरला दोन-तीन मिमी ढिलाई ठेवा आणि मग परत तपासा. तरी अडकला तर खूण रॉडवर आहे म्हणजे माझ्या मते रॉडच वाकलाय, कॅम खाल्ला असता तर रॉड फिरवून फरक पडला नसता. वरचा रॉकर खोलून रॉड काढा, काचेवर लोळवा. दोन्ही रॉड काढले तर अदलाबदल होऊ देऊ नका. आणि महत्त्वाचं, रॉड उगाच वाकत नाही. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की व्हॉल्व्ह गाइडमध्ये (दांडा ज्या नळीत सरकतो तिथे) गंज किंवा कार्बनने चिकटतो, आणि मग जोरात किक मारली की वाकतो तो बिचारा रॉड. व्हॉल्व्ह मोकळा आहे की नाही हे न बघता नवीन रॉड टाकलात तर तोही जाईल.

धागाकर्ता:
दादा, खूप खूप आभार. केबल खरंच ताणलेली होती, ढिली केल्यावर आवाज थोडा उतरला पण अडकणं तसंच. आज रॉड काढून कपाटाच्या आरशावर लोळवला, मधे उडतो, खालून व्हिजिटिंग कार्ड आरपार जातं. पहिल्या दिवशी गाडी लवकर घेईना म्हणून मीच पंधरा-वीस किका जोर लावून मारल्या होत्या, तेव्हाच झालं असणार.

आता रॉकर उतरवलेलाच आहे. व्हॉल्व्हच्या दांड्यावर गंज सोडवायचं ऑइल घालून रात्रभर ठेवतोय. सकाळी हातोडीच्या लाकडी दांड्याने स्प्रिंग वरून दाबून बघितली आणि व्हॉल्व्ह झटकन वर आला तर मोकळा समजायचा का, की हेड उतरवून गाइड बघावंच लागेल? नवीन रॉड शनिवारी आणणार आहे, तोवर किकला पाय लावत नाही.