डोंगरावरून येणाऱ्या वहाळाला पाण्याचा वर्ग मिळू शकतो का? (घणसोली)

तळवलीची सून
नमस्कार मंडळी. राहते घणसोलीत, सासर तळवलीचं. गवळीदेवाच्या डोंगरावरून एक वहाळ उतरतो. आधी एमआयडीसीतून, मग ठाणे-बेलापूर रस्त्याखालून, मग रुळांखालच्या मोरीतून तो आमच्या सोसायटीमागे येतो आणि पुढे कांदळवनातून खाडीला मिळतो. डोंगराच्या पायथ्याला तळातले गोटे दिसतात. आमच्या मागे येईपर्यंत त्यावर फेस असतो आणि वास असा की स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यावी लागते. तेही भर मे महिन्यात, म्हणजे पाऊस नसताना.

मी एका कार्यालयात लेखी तक्रार दिली. उत्तर आलं, "सदर प्रवाह हा नाला असून वर्गीकृत जलस्रोत नाही, सबब पाण्याच्या गुणवत्तेचे निकष लागू होत नाहीत." वर तोंडी ऐकवलं, "मॅडम, पाणी आधीच इतकं खराब आहे की ते शेवटच्या वर्गातही बसणार नाही."

आता सोसायटीत ठराव येतोय की महापालिकेकडे वहाळावर स्लॅब टाकून मागायचा, म्हणजे वास बंद आणि वर पार्किंग. वर्ग नेमका कोण ठरवतं? आपण मागू शकतो का? आणि एकदा स्लॅब पडला की विषय संपला का?

पार्किंगपीडित
ताई, राग मानू नका, पण मी स्लॅबच्या बाजूने आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमध्ये डेंग्यूचे पेशंट होते. वर्ग ए मिळाला काय आणि झेड मिळाला काय, डास तेच. रात्री दहानंतर गाडी लावायला जागा शोधून दाखवा, मग बोलू.

बाटलीवाले कळवेकर
पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालोय. कुठल्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

सूनबाई, तुम्हाला मिळालेलं उत्तर दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. लेखी उत्तर आधी घेऊ. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात कलम २(जे) मध्ये प्रवाहाची व्याख्या दिली आहे. त्यात नदी आहे, भूजल आहे, भरतीचं पाणी आहे आणि जलमार्गही आहे, "वाहता असो वा तूर्त कोरडा". नाल्याला वगळलेलं नाही. तुमचा वहाळ उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडला असता तरी तो कायद्यात बसलाच असता.

आता तोंडी उत्तर. आमच्याकडे नवीन येणारी मुलंही हाच घोळ घालायची. रिपोर्ट हातात आला की पाहायची, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात तो आकडा) इतका, मग वर्ग अमुक. तसं नसतं हो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ए ते ई हे वर्ग पाण्याच्या वापरावरून पाडलेले आहेत. फक्त निर्जंतुक करून पिण्याजोगं ते ए. उघड्यावर अंघोळीचं बी. पूर्ण शुद्धीकरण करून पिण्याचं सी. मासे आणि वन्यजीवांचं डी. शेती आणि कारखान्यातल्या शीतकरणाचं ई. राज्यात हीच मांडणी ए-एक ते ए-चार अशी आहे, त्यात मासे ए-तीनमध्ये येतात. आधी ठरवायचं की हे पाणी कशासाठी वापरलं जातं आणि जपायचं आहे, मग त्या वर्गाचे आकडे लावायचे आणि पाणी त्याहून घसरलं असेल तर घसरवणाऱ्याला जाब विचारायचा. "पाणी घाण आहे म्हणून खालचा वर्ग" म्हणजे ज्याने घाण केली त्यालाच बक्षीस.

वर्ग ठरवायचं काम राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. कलम १७(१)(जी) मध्ये राज्यातल्या पाण्याचं वर्गीकरण करणं हे मंडळाचं कार्य म्हणून लिहिलेलं आहे. पण खरी मेख त्याच कलमातल्या (के) मध्ये आहे आणि ती कुणी वाचत नाही. एखाद्या विशिष्ट प्रवाहात सोडायच्या सांडपाण्याची मानकं ठरवताना त्या प्रवाहात उघडिपीच्या दिवसांत पातळ व्हायला कमीत कमी किती पाणी असतं ते बघायचं, असं तिथे म्हटलंय.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. देशभराचं सर्वसाधारण मानक असं की भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडताना सांडपाण्याचा बीओडी ३० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत हवा. भरल्या नदीत असं पाणी पडलं तर ते पातळ होतं. तुमच्या वहाळाला मे महिन्यात स्वतःचं पाणी किती? जवळपास शून्य. म्हणजे एखाद्याने अगदी कायदा पाळून ३० चं पाणी सोडलं तरी अख्खा वहाळच ३० चा होतो. अंघोळीच्या वर्गाला मर्यादा आहे ३. प्रदूषित नदीपट्टे ठरवतानाही ३ च्या वर गेलं की नाव यादीत, आणि ३० ओलांडलं की सगळ्यात वाईट गट. म्हणून "सगळे युनिट परवानगीप्रमाणे चालतात" हे वाक्य खरं असूनही वहाळ मेलेला असू शकतो. तुम्ही भांडायचं ते याच मुद्द्यावर.

पार्किंगवाल्या दादांना एवढंच, की स्लॅबखाली डास मरत नाहीत. मॅनहोलच्या भोकांतून ये-जा करतात. आणि गाळ साचला की काढायला मशीन आत जात नाही.

जिताडा
कळवेकर काका, मासे म्हणालात म्हणून लिहितो. मी तळवलीचाच. आमच्या आज्याच्या वेळेला पहिल्या पावसात ह्याच वहाळाला वलगण चढायची. शेतात पाणी भरलं का खाडीकडनं आणि तळ्यातनं मासे वर पळायचे, अंडी टाकायला. पोरं टोपल्या घेऊन मोरीच्या तोंडाला उभी. मुठेही, म्हणजे खेकडे, तिथलेच. रस्त्याच्या खालच्या बाजूला आता काहीच नाय, पण डोंगराच्या पायथ्याशी अजून मुठे गावतात, गेल्या आषाढात आम्ही खाल्लेत. कंपनीच्या भिंतीपासून वर चाललात का पाणी अजून जितं आहे.

हे पुराव्यात धरतात का?

बाटलीवाले कळवेकर
धरतात म्हणजे काय, ह्यापेक्षा चांगला पुरावा मी तरी देऊ शकत नाही. मासे अंडी घालायला चढतात म्हणजे वापर ठरला: मत्स्यजीवन. तुमच्या गावातली जी म्हातारी माणसं वलगण धरायची, त्यांची निवेदनं सहीनिशी लिहून घ्या. कुठल्या मोरीपाशी, कुठल्या नक्षत्रात, कोणता मासा, सगळं. वर अजून मुठे आहेत त्याचे फोटो जागेच्या नोंदीसकट काढा. वरचा भाग जिवंत आहे हे दाखवलंत की "हा मुळातच गटार आहे" हे म्हणणं पडतं.

गंमत म्हणजे डी वर्गाला बीओडीची अटच नाही. तिथे बघतात विरघळलेला प्राणवायू ४ मिलिग्रॅम किंवा जास्त, मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅम किंवा कमी, आणि सामू (पीएच) ६.५ ते ८.५. मुक्त अमोनियाची चाल ऐकून ठेवा: एकूण अमोनिया तेवढाच असला तरी सामू वर गेला की त्यातला विषारी भाग भराभर वाढतो. वरून साबणाचं, कॉस्टिकचं पाणी आलं की मासे तडफडतात ते बऱ्याचदा यामुळे.

तळवलीची सून
काका, नमुने आम्ही घेतले तर चालतील? आणि कसे घ्यायचे? खासगी लॅबवाला म्हणतो, "बिसलरीच्या बाटलीत आणून द्या."

बाटलीवाले कळवेकर
बिसलरीची बाटली ऐकून माझा चहा सांडला.

तीन जागा धरा. एक, कंपन्यांच्या वर, डोंगराच्या पायथ्याला. दोन, रस्ता ओलांडल्यावर, रुळांच्या अलीकडे. तीन, तुमच्या मागे. तिसऱ्या जागेला सांभाळून. तिथे भरतीचं पाणी चढत असेल तर तुम्ही वहाळाऐवजी ठाण्याच्या खाडीची तपासणी करून याल. खाडीचे निकष वेगळे, समुद्राच्या पाण्याचे एसडब्ल्यू वर्ग वेगळे. पूर्ण ओहोटीला जा आणि लॅबला क्लोराइड किंवा विद्युतवाहकताही करायला सांगा, म्हणजे पुढे कुणी "हे तर खारं पाणी" म्हणणार नाही.

वेळ पहाटेची. दिवसा ऊन पडलं की शेवाळ प्राणवायू सोडतं आणि आकडा उगाच चांगला येतो. अडचण अशी की पहाट आणि ओहोटी रोज जुळत नाहीत. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून दिवस धरा.

प्राणवायूची बाटली काचेची, घासलेल्या बुचाची, ३०० मिलीची. ती पाण्याखाली तिरकी धरून हळूहळू भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. भरल्या जागीच त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून बूच लावायचं आणि उलटीपालटी करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर पांढराच राहतो. पायथ्याची बाटली आणि तुमच्या मागची बाटली शेजारी ठेवून फोटो काढा, सोसायटीच्या सभेत आकड्यांपेक्षा तो फोटो जास्त बोलेल. ही रसायनं दाहक आहेत, लॅबचा माणूस सोबत घ्या, घरी उद्योग नको.

बीओडीची बाटली वेगळी. बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवायची. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर ३ दिवस करतात, रिपोर्टवर तसं लिहिलंय का बघा.

ठाण्याची वकिलीण
काकांच्या माहितीला थोडी पुरवणी. तुमचा खासगी रिपोर्ट कोर्टात कंपनीविरुद्ध पुरावा म्हणून टिकणार नाही. त्याच जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मंडळाच्या अधिकाऱ्याने कब्जेदाराला नोटीस देऊन, नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून घेतलेला नमुनाच चालतो. तुमच्या रिपोर्टचा उपयोग मंडळाला तो नमुना घ्यायला लावण्यासाठी.

कलम २५(६) बघा. मंडळाने दिलेल्या संमतींची नोंदवही असते आणि संबंधित कुणालाही ती वाजवी वेळेत पाहता येते. माहिती अधिकाराच्या ३० दिवसांची वाट बघण्याआधी थेट नोंदवही मागा. या वहाळात सोडायची परवानगी मुळात कुणाला आहे, तेच आधी कळेल. बऱ्याचदा परवानगी सामायिक प्रक्रिया केंद्रात पाठवायची असते आणि पाणी पावसाळी गटारातून येत असतं. मंडळाने काहीच केलं नाही तर कलम ४९ खाली ६० दिवसांची नोटीस देऊन तुम्ही स्वतः कोर्टात तक्रार करू शकता.

स्लॅबबद्दल: प्रवाह अडून प्रदूषण वाढेल असं काही टाकायला कलम २४ मनाई करतं, पण त्याच कलमात पूल, बांध, गटार बांधण्याचा हक्क असणाऱ्यांना सूट आहे. त्यामुळे नुसत्या त्या कलमावर विसंबू नका. स्लॅब पडला म्हणून कायद्याने वहाळ प्रवाह असायचा थांबत नाही, फक्त आत कोण काय सोडतंय ते दिसायचं बंद होतं.

आणि २००० च्या नदी नियमन क्षेत्र धोरणाचा आधार घ्यायला कुणी सांगितलं तर घेऊ नका. वर्गाप्रमाणे उद्योगांना नदीपासून अंतर त्यात होतं, पण ते २०१५ साली राज्याने रद्द केलं.

पार्किंगपीडित
बरं, एक सरळ प्रश्न. वरचं पाणी बंद झालं तर वास जाईल ना? तसं असेल तर सभेत ठराव पुढे ढकलायला माझी हरकत नाही. पार्किंगचं मात्र वेगळं बघा.

बाटलीवाले कळवेकर
पाणी थांबलं तरी तळाचा काळा गाळ एक-दोन पावसाळे वास देत राहील. वरून चांगलं पाणी येत राहिलं तर हळूहळू कमी होईल. खोटं आश्वासन देत नाही.

सूनबाई, अर्ज मंडळाच्या तुमच्या भागातल्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याच्या नावे करा, प्रत सदस्य सचिवांना. मागण्या दोनच: १७(१)(जी) खाली या प्रवाहाचं मत्स्यजीवनासाठी वर्गीकरण, आणि १७(१)(के) खाली त्यात सोडायच्या पाण्याची स्वतंत्र मानकं. गावकऱ्यांची निवेदनं जोडा. वहाळाचं नुसतं नाव लिहू नका, प्रत्येक कागदावर त्याला वेगळं नाव आहे. उगमापासून खाडीपर्यंत तिन्ही जागांचे अक्षांश-रेखांश टाका, आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.