अचीव्हमेंटमुळे गेमची मजा वाढते की जाते?

अर्धवट_सेव्ह:
'असॅसिन्स क्रीड २' (२००९) पुन्हा लावलाय. नायकाच्या धाकट्या भावाला, पेत्रुच्चोला, पिसं जमवायचा नाद. त्याला वडील आणि थोरल्या भावाबरोबर फासावर चढवतात. मग आपण गावोगावच्या छपरांवरून १०० पिसं जमवून दुःखाने मुकी झालेल्या आईच्या खोलीतल्या पेटीत ठेवायची.

पहिल्या वेळी मी काय केलं? मांडीवर मोबाईल, त्यात नकाशा, पीस उचललं की फुली. ३७, ३८, ३९. कसला भाऊ नि कसली आई! शंभरावं मिळालं, कोपऱ्यात अचीव्हमेंटचं (नेमून दिलेलं काम पूर्ण केलं की गेम देतो त्या बिल्ल्याचं) 'टिंग' वाजलं आणि मी गेम काढून टाकला. शेवटचं मिशन बाकी होतं, तरी! यादी आली की खेळाची हमाली होते, असं माझं स्पष्ट मत.

गचाळ_नेमबाज:
चोर सोडून संन्याशाला फाशी. पिसं गेमने पेरली, आकडा गेमनेच दाखवला. पहिल्या 'असॅसिन्स क्रीड'मध्ये ४२० झेंडे होते. एक्सबॉक्स ३६० वर त्यांना अचीव्हमेंट होत्या. प्लेस्टेशन ३ वर गेम २००७ मध्ये आला, ट्रॉफी (म्हणजे प्लेस्टेशनच्या अचीव्हमेंट) सुरू झाल्या जुलै २००८ मध्ये, आणि त्या गेमला त्या कधी मिळाल्याच नाहीत. मी प्लेस्टेशनवर खेळलो आणि तरीही झेंडे गोळा करत हिंडलो. खोड आपलीच आहे हो.

आणि चांगली बाजू? 'हाफ-लाइफ २: एपिसोड टू'. सुरुवातीला सापडणारा बागेतला बुटका पुतळा शेवटपर्यंत नेऊन रॉकेटमध्ये ठेवायचा. गाडीला छप्पर नाही, वळण आलं की स्वारी बाहेर. थांबा, उतरा, गवतात शोधा, परत बसवा. मागे शत्रूचं हेलिकॉप्टर लागलेलं आणि मी पुतळा शोधतोय! ती अचीव्हमेंट नसती तर हे मला सुचलंही नसतं.

पॉज_बटण:
सेटिंगमधून पॉपअप बंद करा. विषय संपला.

अर्धवट_सेव्ह:
@पॉज_बटण, टिंग बंद होतं, यादी डोक्यातून जात नाही.
@गचाळ_नेमबाज, पुतळ्याचं मान्य. पण अशा किती? बाकी सगळं 'हे ५०० वेळा करा'. १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग बघा. चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना आधी सांगितलं, 'काढलंत तर प्रशस्तिपत्र'. नंतर मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली.

दुसरा_कंट्रोलर:
प्रयोग अर्धाच सांगितलात. तिथे आणखी एक गट होता: चित्र काढून झाल्यावर न सांगता प्रशस्तिपत्र मिळालेला. त्या मुलांची आवड कमी झाली नाही. म्हणजे मला तरी वाटतं, आधीपासून भिंतीवर टांगलेली यादी घातक. अवचित मिळालेली शाबासकी नाही. लपवलेल्या अचीव्हमेंट, ज्यांची अट आधी दिसतच नाही, मला त्यासाठीच आवडतात.

(अवांतर: हा प्रकार एक्सबॉक्सने २००५ मध्ये शोधला असं नाही. १९८२ च्या 'पिटफॉल!'मध्ये २०,००० गुण केले की टीव्हीचा फोटो काढून कंपनीला पाठवायचा, मग कापडी बिल्ला टपालाने यायचा. टिंग यायला बरेच दिवस लागायचे, एवढंच.)

गचाळ_नेमबाज:
न सांगता दिलेल्यांनीही पोट भरत नाही. पुतळ्याची अट आधी वाचली म्हणून तर तो उचलला. लपवलेली असती तर पहिल्याच वळणावर सोडून दिला असता. प्रश्न 'सांगावं की नाही' हा नाहीच. काय करायला सांगताय? माझी खरी तक्रार ऑनलाइन ट्रॉफींवर आहे. एका गेमचे सर्व्हर बंद झाले, माझी एक ट्रॉफी राहिली ती राहिलीच. सगळ्या ट्रॉफी जमल्यावर मिळणारं प्लॅटिनम गेलं. आजही ती यादी उघडत नाही मी.

अर्धवट_सेव्ह:
बघा, तुम्हालाही लागलंच ना! असो. या वेळी नकाशा न उघडता खेळतोय. पीस दिसलं तर घ्यायचं, नाहीतर पुढे. ११ झालीत. काल एकासाठी उगाच मनोऱ्यावर चढलो आणि वरून गाव बघत बसलो.

गचाळ_नेमबाज:
११ वर थांबू नका. ५० झाली की हातोडा मिळतो.

अर्धवट_सेव्ह:
हे सांगायलाच हवं होतं का?